सर्व्होमोटरीसाठीं एकदिश वीज

शिर्डीतील घरांत येणारी वीज २३० व्होल्टांची, सेकंदास ५० आवर्तनांची. हौसेनें बांधलेल्या सीएनसी यंत्राच्या सर्व्होमोटरीस मात्र एकदिश प्रवाह लागतो. म्हणून २३० व्होल्टांची जोडणी जाणत्या तारतंत्र्याकडून करवून आम्ही ट्रान्सफॉर्मरनें दाब ५० व्होल्टांवर उतरवितों, चार डायोडांच्या रेक्टिफायरनें प्रवाह एकाच दिशेस वळवितों व मोठ्या कपॅसिटरनें मधले खळगे भरून काढितों. येथें हिशेब नीट पाहावा: कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणून दाब ५० नव्हे, सुमारें ७० व्होल्ट होतो. मोटर चालविणारा ड्राइव्ह याहूनही अधिक सोसणारा हवा. कारण वेगांतील मोटर थांबतांना जनित्र बनून वीज उलट लोटते. कळ बंद केली तरी कपॅसिटरांत भार उरतोच. तो ओसरावा म्हणून समांतर रोधक जोडितों, आणि मापक शून्य दाखवीपर्यंत तारेस हात लावीत नाहीं.