कवेलू फेरणारे हात

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलूच्या जुन्या वस्तीत राजवाडे नाहीत. मातीच्या जाड भिंतींची, सागवानी खांबांची, कवेलूच्या उतरत्या छपरांची घरं आहेत. थोडे वाडे, देवळं, विहिरी आहेत. पुरातत्त्व खात्याच्या यादीत यायला जे लागतं ते यांच्याकडे नाही, म्हणून यांची काळजी घेणं गावावरच येतं. आम्ही काही जण त्या खटपटीत बरीच वर्षं आहोत. त्यात जे कळलं ते लिहितो.

१. आधी वारस शोधावेत, मग गवंडी.
वाडा पावसाने पडला असं लोक म्हणतात. मी पाहिलेले बहुतेक वाडे त्याआधी कागदावर पडलेले होते. घर आजोबांच्या नावावर, खाली चुलत भावंडांची रांग. कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. ढेलजेवरची एक मयाल बदलायची तरी सगळ्यांचा होकार हवा, आणि तो येईस्तोवर पावसाळा येऊन जातो. मातीच्या भिंतीच्या डोक्यावर पाणी मुरायला लागलं की ती फार थांबत नाही. म्हणून दिवाळीत मंडळी गावी आली की आम्ही त्यांना एकत्र बसवतो आणि निदान छपराच्या डागडुजीपुरती लेखी संमती घेतो. वाटणी व्हायची तेव्हा होईल.

२. मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नये.
हे मी दारोदार सांगत आलो आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हात बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते, वर वर चढत जाते, आणि शेवटी गिलावा फुगून सुटतो तेव्हा भिंतीची माती सोबत घेऊनच पडतो. मग घरमालक म्हणतो, मातीचं घर, कधीतरी जायचंच होतं! ते गेलं सिमेंटमुळे. पांढरी माती, कुटार आणि शेण यांचा लेप, किंवा जिथे मूळचा चुना आहे तिथे चुनाच, एवढंच त्या भिंतीला मानवतं. मातीही कुठलीही चालत नाही. आपली कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला गावठाणाची पांढरी लागते, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

३. शंका असेल त्याने सेवाग्रामला जावं.
गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा आदी निवास उभा राहिला. पुढे त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी बापू कुटी झाली. माती, बांबू, कवेलू, आणि इथलेच कारागीर. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली चित्रं आजही दिसतात. नव्वद वर्षं होत आली, आणि या काळात आपल्या तालुक्यात किती सिमेंटच्या सरकारी इमारती बांधून पाडल्या गेल्या ते आठवून पाहावं. बापूंची म्हणून ती कुटी टिकली, असं कुणी म्हटलं की मी त्यांना छपराची वळचण दाखवतो. ती भिंतीपासून चांगली पुढे काढली आहे, त्यामुळे पावसाची झड भिंतीवर येत नाही. आणि सारवणं, कवेलू फेरणं, सडका बांबू काढून नवा घालणं ही कामं तिथे नित्याची आहेत. हे दोन्ही कुठल्याही घराला करता येतं.

४. माकडांचा विचार केल्याशिवाय कवेलूचा आग्रह धरू नये.
बाहेरून येणाऱ्या जाणकारांच्या अहवालात हे कधी वाचलं नाही. आमच्याकडे लोकांनी कवेलू उतरवून टिना घातल्या त्यात हौसेचा भाग कमी होता. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मी कवेलू फुटतात आणि घरातली बाई पावसाळाभर पातेली मांडत बसते. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना टिनेखाली बसणं किती जड जातं हेही तिलाच माहीत. वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून अशा प्रश्नांवर काम करत आलं आहे. कुंभाराने चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकमेकींत घालून लाकडाशिवाय कमानीचं छप्पर त्यांनी उभं करून दाखवलं. अशी उत्तरं जवळ असताना त्या बाईला वारशाचं व्याख्यान देणं मला पटत नाही.

५. सागवान विकू नये.
आपल्याजवळचं बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. ते झालं हे चांगलंच झालं. पण जुन्या घरांत आहे तसं लाकूड आता तिथून पुन्हा मिळणार नाही. शहरातला व्यापारी आधी नक्षीचं दार मागतो, मग खांब मागतो. खांब गेला की घर गेलं.

६. जमिनीखालचंही आपलंच आहे.
पवनारला नागपूर विद्यापीठाने १९६७ साली उत्खनन केलं आणि वाकाटकांच्या काळापर्यंतची, त्याहून जुनीही वस्ती हाती लागली. त्याच गावी विनोबांना आश्रमाची जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचं शिल्प सापडलं. ते त्यांनी तिथेच बसवलं, आणि आजही लोक त्याच्यापुढे हात जोडतात. पायव्यासाठी जेसीबी लावताना खापरं, मोठ्या विटा, घडीव दगड निघाले तर काम एक दिवस थांबवून फोटो काढावेत आणि तहसीलला कळवावं. एवढं केलं तरी पुष्कळ.

७. हात जपावेत.
कवेलू फेरणारे, कुड विणणारे आता म्हातारे झाले. त्यांची मुलं स्लॅबच्या कामावर जातात, कारण मजुरी तिथे आहे. सरकारी यादीत मातीचं घर म्हणजे कच्चं घर, आणि कच्चं घर म्हणजे गरिबी. २०१६ च्या घरकुल योजनेत सपाट प्रदेशात नव्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळू लागले, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. गरिबाला पक्कं घर मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण ज्याचं मातीचं घर धडधाकट आहे, ज्याला ते ठेवायचं आहे, त्याला दुरुस्तीसाठीही तेवढ्याच हक्काने पैसे आणि मजुरी मिळावी. कवेलू फेरणाऱ्याची मजुरी हजेरीपटावर चढली तर त्याचा मुलगा हे काम शिकेल. ग्रामसभेत, नगरपंचायतीत आम्ही हीच मागणी लेखी देतो, आणि ठरावात ती नोंदवली जाईपर्यंत देत राहणार आहोत.