पदवीच्या नावात ‘एआय’ हवंच का?

बारावीचा निकाल लागला की मुलुंड-बोरिवलीच्या पालकांचा प्रश्न ठरलेला : ‘एआय’ची पदवी कुठल्या कॉलेजात मिळेल? मी म्हणेन, पदवीचं नाव राहू द्या. पाया कुठे पक्का होईल ते बघा.

या पायातला एक सुंदर विषय म्हणजे युक्तिवादाचं गणित. बँकॉकच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले फान मिन्ह डुंग यांनी १९९५ मध्ये त्याची मांडणी केली. मुद्द्यात काय म्हटलंय ते क्षणभर बाजूला ठेवायचं. कोणता मुद्दा कोणाला खोडतो एवढंच पाहायचं. ‘घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जा’ हा पहिला मुद्दा. ‘मेट्रो बंद आहे’ हा दुसरा, तो पहिल्याला खोडतो. ‘ती बातमी कालची, आज मेट्रो सुरू आहे’ हा तिसरा, तो दुसऱ्याला खोडतो. तिसऱ्याला खोडणारं कुणी नाही. म्हणून तो टिकतो, दुसरा पडतो आणि पहिला पुन्हा उभा राहतो. दोन मुद्दे एकमेकांनाच खोडत असतील तर? सावध रीत दोन्ही सोडून देते, दुसरी रीत दोन वेगवेगळे निष्कर्ष मान्य करते. शेकडो मुद्दे झाले की संगणक लागतो. यंत्राने अमुक निर्णय का दिला, हे माणसाला पटेल असं सांगायलाही ही मांडणी उपयोगी पडते.

आपल्याला हे परकं वाटू नये. वाद, जल्प, वितंडा हा चर्चेच्या प्रकारांतला भेद आपल्या न्यायसूत्रांतलाच आहे. पुण्याच्या प्रदीप गोखले यांचं प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातल्या अनुमान-हेत्वाभासांवरचं इंग्रजी पुस्तक जिज्ञासू मुलांनी जरूर चाळावं.

यासाठी वेगळी पदवी शोधत बसू नका. गणित किंवा संगणकशास्त्र घ्या. घराजवळ पवईची आयआयटी आहे. तर्कशास्त्रावरची भारतीय परिषद २०१५ मध्ये तिथेच भरली होती. जेईईत जमलं नाही, तर पदवीनंतर ‘गेट’ देऊन एम.टेक.चा प्रयत्न करता येतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आपली वेगळी प्रवेश परीक्षा घेते, तीही द्यावी.

नोकरीचं स्पष्ट सांगते. या विषयाच्या नावाने जाहिराती निघत नाहीत. संशोधन करायचं तर पीएच.डी.पर्यंतची वर्षं धरून चला. घरी कमाईची घाई असेल, तर याच तयारीवर सॉफ्टवेअरची नोकरी करता येते. पालकांना एकच विनंती : मुलाला आवड असेल, तर अकरावीत गणित सोडायला लावू नका.