जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनासाठी तेलाची निवड

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला, की तो फार दिवस टिकत नाही. नेमक्या त्या दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर पेरणी मागे पडते व भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसावे लागते. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरच्या मालकास ही धास्ती नेहमीच असते. म्हणून इंजिन ऑइल खाऊ लागले, निळसर धूर सोडू लागले, की तो दुकानात जाऊन जुन्या इंजिनासाठी म्हणून निराळे मिळणारे ऑइल मागतो. हे ऑइल कोणत्या कामाचे आहे आणि कोणत्या नाही, ह्याचा विचार येथे केला आहे.

इंजिनातील ऑइल केवळ घर्षण कमी करीत नाही. ते पिस्टन व बेअरिंग थंड ठेवते, काजळी आपल्यात धरून ठेवते, जळणापासून तयार होणारे आम्ल मारते आणि रिंग व लायनर ह्यांमधील बारीक फट भरून काढते. इंजिन जुने झाले म्हणजे ही फट वाढते, रबरी सील कडक होतात आणि चेंबरमध्ये मळी साचते. ह्या तीन गोष्टींपैकी ऑइलने कोणती सावरता येईल, हे ठरविणे म्हणजेच ऑइलची निवड करणे होय.

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. ह्यांतील डब्ल्यूचा आकडा थंडीसंबंधीचा आहे. १५डब्ल्यू ऑइल उणे २० अंश सेल्सिअसला व २०डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांना इंजिन फिरू देते की नाही, हे पाहिलेले असते. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत पहाटेचे तपमान कधी कधी ५ अंशांखाली जाते खरे; तरी आपल्या राज्यात ह्या दोन्ही आकड्यांपैकी कोणताही चालण्यासारखा आहे. महत्त्वाचा तो दुसरा आकडा. तो १०० अंश तपमानाला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ऑइल किती दाट राहते हे सांगतो. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ४० ह्या एकाच आकड्याखाली १२.५ सेंटिस्टोकपासून १६.३ च्या आतपर्यंत दाटपणा असलेली ऑइले विकता येतात. जुन्या इंजिनासाठी म्हणून मिळणारे ऑइल पुष्कळदा ह्या मर्यादेतील दाट बाजूचे असते.

त्याखेरीज अशा ऑइलमध्ये रबरी सील किंचित फुगवून मऊ करणारे द्रव्य घातलेले असते, आणि झीज रोखणारी व मळी सोडविणारी द्रव्येही बहुधा अधिक असतात. सील नुसते कडक होऊन ऑइल पाझरत असेल, तर काही तासांच्या कामानंतर पाझर कमी होण्याचा संभव असतो. परंतु फाटलेला सील, चर पडलेला शाफ्ट किंवा झिजलेली रिंग कोणत्याही डब्यातील ऑइलने दुरुस्त होत नाही. शिवाय ही ऑइले मुख्यतः पेट्रोलच्या मोटारगाड्यांसाठी निघालेली आहेत. म्हणून डबा घेताना एपीआय ह्या अक्षरांपुढे काय छापले आहे ते अवश्य वाचावे. एस ने सुरू होणारा वर्ग पेट्रोल इंजिनाचा व सी ने सुरू होणारा डिझेल इंजिनाचा होय. ज्या डब्यावर केवळ एस वर्ग आहे तो, किंमत कितीही असो, ट्रॅक्टरसाठी घेऊ नये. जुन्या माहितीपुस्तिकेत सीडी किंवा सीएफ-४ लिहिलेले असल्यास त्या जागी सीएच-४ वा सीआय-४ वर्गाचे ऑइल खुशाल वापरावे. ते अधिक चांगले आहे.

दाट ऑइलाचा मोह मात्र आवरला पाहिजे. आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला. दुकानदाराने ५० नंबरचे ऑइल घालावयास सांगितले. ऑइलचा दाब दाखविणारा काटा वर सरकला व धूरही कमी झाला. हा सल्ला त्या वेळी मलाही पटला होता, हे कबूल करणे भाग आहे. रब्बीच्या नांगरटीत सकाळी इंजिन सुरू करताच वरच्या बाजूने खडखडाट ऐकू येऊ लागला. दाट ऑइल थंड असताना व्हॉल्व्हपर्यंत उशिरा पोचते. काटा वर जातो तो ऑइल अधिक वाहते म्हणून नव्हे, तर ते वाहण्यास अडते म्हणून. इंजिन उघडले तेव्हा लायनर व रिंग झिजलेल्या निघाल्या, आणि खरे कारण तर इंजिनाच्या बाहेरच होते. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी क्लॅम्पखाली चिरली होती. दोन हंगाम शेतातील धूळ तेथून सरळ आत जात होती.

तेव्हा ऑइल बदलण्यापूर्वी ते जाते कोठे, हे शोधावे. रात्री ट्रॅक्टरखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग दिसल्यास गळती आहे. डाग नाही आणि काम करताना निळा धूर येतो, तर ऑइल जळत आहे. काळा धूर निराळा. तो बहुधा तुंबलेला एअर क्लीनर, बिघडलेले नोझल किंवा जादा भार ह्यांचा असतो. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसल्यास आत पाणी शिरले आहे. गेजवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले व त्यास डिझेलचा वास आला, तर इंजिन मुळीच चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाऊन टाकते. ह्या दोन्ही प्रसंगी प्रश्न ऑइलच्या निवडीचा नसून दुरुस्तीचा आहे. जुन्या ट्रॅक्टरांवरील ऑइलच्या भांड्याचा एअर क्लीनर धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावा, आणि भांड्यात गाळ बसला असल्यास ते धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एक वही ठेवावयास लावावे. ऑइल बदलल्या दिवशी तासांच्या मीटरवरील आकडा लिहावा. पुढे जितके ऑइल वर घालावे लागेल, ते मापाने मोजून तासांसह नोंदवावे. गेज सपाट जमिनीवर व इंजिन बंद करून काही वेळ गेल्यावरच पाहावे. शंभर तासांना लागणारे ऑइल दोन हंगाम सारखेच राहिले, तर पुस्तिकेत दिलेल्या नंबराचे चांगले ऑइल पुरे आहे, महागाचे घेण्याचे कारण नाही. ते हळूहळू वाढत असेल, तर पुस्तिका परवानगी देते त्यांतील दाट नंबर घ्यावा. एका हंगामात ते दुप्पट झाले, तर पेरणीची वाट न पाहता उन्हाळ्यातच मिस्त्रीकडून इंजिन तपासून घ्यावे. बोरला आलेले इंजिन वैशाखात उघडणे परवडते, ज्येष्ठाच्या अखेरीस परवडत नाही.

पूर्वी हलके ऑइल वापरलेल्या इंजिनात प्रथमच चांगले ऑइल घालताना साचलेली मळी सुटते व फिल्टर लवकर भरतो. म्हणून ते पहिले ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांतच, फिल्टरसह, बदलावे. ऑइल इंजिन गरम असताना सोडावे, म्हणजे मळी सोबत निघून येते. सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा व पावती घ्यावी, आणि रिकाम्या डब्यास भोक पाडूनच तो टाकावा, कारण असे डबे पुन्हा भरून विकले जातात.

काढलेले ऑइल वाळवीसाठी लाकडास फासण्याची चाल गावोगावी आहे. ते वारंवार कातडीस लागल्यास कर्करोगाचा धोका असतो, व विहिरीजवळ ओतल्यास पाणी नासते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते अधिकृत संकलकाकडे अथवा असे ऑइल परत घेणाऱ्या सर्व्हिस केंद्राकडे द्यावे.