ओला खडक आणि सायकलचा टायर

बी. कॉम. भाग २

इंदूर शहराच्या दक्षिण अंगास भंवरकुआं नावाचा चौक आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा खंडवा मार्गावरील परिसर तेथून जवळच असल्यामुळे आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग गल्लोगल्ली असल्यामुळे या भागात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी वस्ती झाली आहे. अशा विद्यार्थ्याजवळ पुष्कळदा एक गियरची सायकल असते, बहुधा जुनी विकत घेतलेली. पहिला पाऊस पडला की रविवारी ही मंडळी खंडवा रस्त्याने सिमरोल, तिंछा, चोरल किंवा महूकडे वळून पाताळपाणीच्या दिशेने निघतात. डांबरी रस्ता सुटला की खडकाळ पायवाट लागते आणि घसरापट्टीही तेथूनच सुरू होते. माझा मामेभाऊ तेथे राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खोलीतल्या सोबत्याचे मनगट अशाच एका उतारावर मोडले. उजवे मनगट, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर! त्याच्या सायकलला महिन्यापूर्वीच नवा कोरा, भरघोस नक्षीचा टायर बसवलेला होता. तरी तो घसरला कसा, या प्रश्नाच्या पाठी लागून जे वाचले व पाहिले, ते येथे मांडीत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने घर्षणाच्या वाटेला का जावे, असे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. पैसे आपलेच जातात, एवढे कारण पुरे आहे.

प्रथम वाटेचा विचार करू. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि हे पठार दख्खनच्या लाव्हाचेच, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा बसाल्ट. ताजा फुटलेला बसाल्ट खरखरीत असतो. तो भिजला तरी टायरला बऱ्यापैकी धरतो. परंतु ओढ्याच्या पाण्याने वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेला दगड वेगळा आणि शेवाळ धरलेला त्याहून वेगळा. दगडांच्या मधल्या जागेत मग काळी माती येते. आपले कन्नड विभागातील मित्र तिला एरे मण्णु म्हणतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लाडवासारखी बसते. म्हणजे एकाच फर्लांगात टायरला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात.

आता घर्षण. शाळेत आपण असे शिकलो की, घर्षण हे दाबणाऱ्या भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला हा नियम चांगला लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही. रबरावरचा दाब वाढला की भाराच्या मानाने त्याची पकड कमी होते आणि तोच भार अधिक जागेवर पसरला की वाढते. रबराची पकड दोन मार्गांनी येते. एक, दगडाच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटून. दोन, दगडावरच्या बारीक उंचवट्यांवर दबून, त्यांच्याभोवती आकार घेऊन आणि पूर्ववत होताना थोडी ऊर्जा गिळून. दगड ओला झाला की मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि पहिला मार्ग जवळजवळ बंद होतो. उरतो दुसरा. म्हणून पावसाळ्यात रबराचा मऊपणा आणि उशिरा सावरण्याचा गुण यांना फार महत्त्व आहे. शेवाळावर मात्र टायर दगडापर्यंत पोहोचतच नाही. तेथे कोणत्याही किमतीचा टायर कामाचा नाही; हँडल सरळ ठेवून, ब्रेक न लावता पार व्हावे किंवा खाली उतरून चालावे, हे उत्तम.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टायरवरची नक्षी पाणी बाजूला सारण्यासाठी असते, असे पुष्कळजण मानतात. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग काढण्याचे एक सूत्र विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून निघाले : हवेचा दाब पौंडांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढावे व १०·३५ ने गुणावे, की ताशी मैल मिळतात. दाब २५ पौंड धरला तर उत्तर येते सुमारे ५२ मैल, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. पाताळपाणीच्या वाटेवर इतक्या वेगाने जाणारा मनुष्य टायरच्या चिंतेपलीकडे गेलेला असतो! सायकलच्या नक्षीचे खरे काम मातीत रुतणे आणि दगडाची कड पकडणे हे आहे.

मग त्या नव्या टायरचे काय झाले? त्याचे ठोकळे उंच व दाट होते आणि रबर कडक होते. कडक रबर झिजत नाही म्हणून दुकानदार त्याची स्तुती करतो आणि डांबरी रस्त्यापुरती ती खोटीही नाही. ओल्या दगडावर मात्र असे ठोकळे टोकांवरच टेकतात, दाबाखाली वाकतात आणि निसटतात. दाट ठोकळ्यांच्या फटींत काळी माती भरली की टायर पाहता पाहता गोटा झाल्यासारखा वागतो. आपल्या वाटेसाठी ठोकळे मध्यम उंचीचे, विरळ आणि बुंध्याशी रुंद असावेत. कडेची रांग मजबूत असावी. ठोकळ्यांवर बारीक चिरा असल्यास चांगले, कारण चिरेमुळे ठोकळा दगडाप्रमाणे वळतो.

रबराचा कडकपणा शोअर ए या मापाने मोजतात. अंक जितका लहान, तितके रबर मऊ. डोंगरी सायकलींत साधारण ६० च्या वरचे रबर कडक, ५० च्या आसपासचे मऊ आणि ४२ च्या आसपासचे फारच मऊ समजावे. कित्येक स्वस्त टायरांवर हा अंक छापलेलाच नसतो. तेव्हा अंगठ्याचे नख ठोकळ्यात रुतवून पाहावे. वळ हळूहळू भरून आला तर रबर ओल्या दगडाच्या कामाचे. नख रुतलेच नाही किंवा ठोकळा टणकन पूर्ववत झाला तर रस्त्याच्या कामाचे. दुकानात वर्षानुवर्षे टांगून राहिलेला टायरही या परीक्षेत उघडा पडतो, कारण जुने रबर कडक होते.

मऊ रबर लवकर झिजते आणि महागही असते. वाणिज्याचा प्रश्न उभा राहतो तो येथे. समजा, कडक टायर १००० रुपयांचा आणि ४००० किलोमीटर चालणारा आहे. मऊ टायर ३००० रुपयांचा आणि २००० किलोमीटर चालणारा. पहिल्याचा खर्च किलोमीटरला २५ पैसे, दुसऱ्याचा दीड रुपया, म्हणजे सहापट. दोन्ही चाकांना मऊ टायर घेणे विद्यार्थ्याला परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. मागचे चाक घसरले तर सायकल शेपूट हलवते, पण बहुधा सावरते. पुढचे चाक घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय झीज मागच्या चाकाची अधिक, कारण ओढ त्याच्यावर असते. तेव्हा महाग, मऊ टायर पुढे आणि कडक, स्वस्त मागे. आमचे अर्थशास्त्राचे सर ज्याला सीमान्त उपयोगिता म्हणतात, ती पुढच्या चाकाच्या रुपयात जास्त आहे.

आणि यातले काहीच विकत घेण्याची ऐपत नसेल तर हवा कमी करावी. हा उपाय फुकट आहे. सायकल व स्वार मिळून ९० किलो धरू. दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो, म्हणजे सुमारे ५७ पौंड असेल, तर दोन्ही चाके मिळून जमिनीला टेकलेली जागा साडेबावीस चौरस सेंटीमीटर. दाब निम्मा केला तर ४५. हिशोब ढोबळ आहे, कारण टायरची स्वतःची ताठरता त्यात धरलेली नाही. पण दिशा बरोबर आहे. सव्वादोन इंची ट्यूबच्या टायरात मध्यम वजनाच्या स्वाराला पुढे २८ ते ३० पौंड आणि मागे दोन-तीन पौंड अधिक, असा आरंभ करावा. त्याहून फार खाली गेल्यास दगडावर आपटताना ट्यूब रिम व दगड यांच्यात चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबविना चालणाऱ्या टायरात हे भय नसते, म्हणून तेथे दाब आणखी चार-पाच पौंड उतरवता येतो. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र अवश्य पाहावी.

मापाविषयी थोडेसे. ‘२६ इंची द्या’ एवढेच म्हटल्याने फसगत होते. डोंगरी सायकलच्या २६ इंची टायरची बैठक ५५९ मिलिमीटर व्यासाची, तर जुन्या साध्या सायकलच्या २६ × १ ३/८ ची ५९० ची. दोन्ही २६, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. साडेसत्तावीस इंचाची बैठक ५८४ आणि एकोणतीसची ६२२. हा तीन आकडी अंक टायरवर छापलेला असतो, तोच सांगावा. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो, तो बसवताना पाहावा.

डोंगरी सायकलचा उगम कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात झाला. तेथील रिपॅक नावाची उताराची शर्यत १९७६ साली सुरू झाली. तेथील उन्हाळ्यातल्या वाटा कोरड्या व धुळीच्या, म्हणून परदेशी जाहिरातीत ‘सर्व वाटांसाठी’ असे लिहिलेले असले, तरी कोणाच्या सर्व वाटा, हे विचारून घ्यावे. शिवाय टायर कितीही चांगला असो, ओढ्याला लोंढा आला की तो गौण ठरतो. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला अचानक वाढलेल्या पाण्यात सहलीची माणसे वाहून गेली होती.

आपल्याकडील वाचकांसाठी एक फरक. इंदूरचे चोरल आणि आपला चोर्ला घाट यांत नावाचे साम्य असले, तरी खानापूर-जांबोटीच्या बाजूला जांभा दगड पुष्कळ आहे. जांभा सच्छिद्र व खरखरीत असल्यामुळे ओला असतानाही पकड देतो. तेथे खरा त्रास सुट्या, गोल खड्यांचा, कारण ते चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. अशा वाटेवर रबर थोडे कडक चालेल, पण कडेचे ठोकळे उंच हवेत आणि टायरची बाजू जाड हवी, कारण जांभ्याची धार ट्यूबच्या आधी टायरच कापते.