सामाईक टपाल-फोल्डरांतील नमुने आणि त्यांच्या आवृत्त्या

शासकीय कामकाजातील कोणताही नमुना कायमचा नसतो. नियम बदलतो, एखादा रकाना वाढतो, हमीपत्रातील एखादे वाक्य गळते आणि नवा नमुना अमलात येतो. जुन्या छापील नमुन्यांचे काय करावयाचे हा प्रश्न पूर्वीही उद्‌भवे आणि “जुना साठा संपेपर्यंत वापरावेत” हा शेरा कार्यालयांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ई-मेलच्या सामाईक फोल्डरांत ठेवलेल्या नमुन्यांचा साठा मात्र कपाटात दिसत नाही. त्यामुळे नवा नमुना प्रसिद्ध होताच जुना संपला, असा समज होतो. वस्तुतः तो प्रत्येक टेबलावरील संगणकात शिल्लक असू शकतो.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरबरोबर 1996 मध्ये ‘पब्लिक फोल्डर’ ही सोय आली आणि 1997 च्या आउटलुकमध्ये कार्यालयांना स्वतःचे नमुने तयार करणे शक्य झाले. रजेचे अर्ज, दुरुस्तीच्या मागण्या, भेटींच्या नोंदी एकाच सामाईक फोल्डरात भरता येऊ लागल्या. ही पद्धत आता जुनी मानली जाते. परंतु जेथे वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा फोल्डरांत साठल्या आहेत, तेथे ती चालू ठेवावीच लागते.

या व्यवस्थेचे मर्म असे की, नमुना एका ठिकाणी असतो आणि भरलेली माहिती दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक नोंदीत केवळ रकान्यांतील मजकूर आणि ‘मेसेज क्लास’ म्हणजे नमुन्याचे नाव साठविलेले असते, उदाहरणार्थ ‘आयपीएम.पोस्ट.टँकरमागणी’. नोंद उघडताच आउटलुक त्या नावाचा नमुना शोधून काढते आणि माहिती त्यात बसवून दाखविते. नमुन्याचा आराखडा, मथळे, सूचना, हमीपत्राचा मजकूर यांपैकी काहीही नोंदीत नसते.

येथे कागदाशी असलेला भेद ध्यानी घ्यावयास हवा. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सातबाराच्या नमुन्यात बदल करण्यात आले आणि गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांकही येऊ लागला. तथापि शेतकऱ्याच्या पेटीतील त्यापूर्वीचा उतारा होता तसाच राहिला. सामाईक फोल्डरात नेमके उलटे घडते. त्याच नावाने नवा नमुना प्रसिद्ध केला की, तीन वर्षांपूर्वीची नोंदही नव्या नमुन्यात उघडते. अर्जदाराने जुने हमीपत्र वाचून अर्ज भरला असेल, तर आज त्याच्या नावाखाली त्याने कधीही न पाहिलेले हमीपत्र दिसेल. उद्या त्या अर्जावर वाद उपस्थित झाल्यास कार्यालयाजवळ पुरावा कोणता उरतो?

यास्तव नमुना बदलण्यापूर्वी बदलाचे स्वरूप ठरविणे आवश्यक आहे. शुद्धलेखन, रकान्यांची मांडणी, रंग अशा बाबतींत जुन्याच नावाने प्रसिद्ध करणे इष्ट, कारण सर्व नोंदी एकसारख्या दिसतात. परंतु हमी, पात्रतेची अट किंवा रकान्याचा अर्थ बदलत असेल, तर नमुन्यास नवे नाव द्यावे, जुना नमुना लायब्ररीत तसाच ठेवावा आणि फोल्डरच्या गुणधर्मांत नव्या नोंदींसाठी नवा नमुना निवडावा. जुना काढून टाकण्याचा मोह टाळावा. तो मिळाला नाही तर जुन्या नोंदी साध्या नमुन्यात उघडतात आणि खास रकाने दिसेनासे होतात. रकान्याचे नाव बदलणे हेही तितकेच धोक्याचे. जुनी माहिती जुन्या नावाखाली नोंदीत असते, पण नवा नमुना तिला विचारीत नाही.

समजा, एका तालुक्यात पाण्याच्या टँकरची मागणी अशा नमुन्यावर येते. प्रथम त्यात गाव, वाडी आणि लोकसंख्या एवढेच रकाने होते. उन्हाळ्याच्या मध्यावर ‘पशुधन’ हा रकाना वाढविण्यात आला. त्यापूर्वी आलेल्या मागण्यांत हा आकडा नाहीच. यादी करताना तेथे मोकळी जागा दिसते आणि बेरजेत ती शून्य धरली जाते. ज्या वाडीने सर्वांआधी मागणी केली, तिच्याच गुरांचे पाणी हिशेबातून गळते. कोरी जागा म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘विचारले नव्हते’. हा भेद संगणक करीत नाही. तो लिपिकानेच करावयाचा असतो. जुन्या मागण्या वेगळ्या काढून ग्रामसेवकांकडून आकडा मागवून घ्यावा, हे उत्तम.

तो वेगळेपणा ओळखावा कसा? नमुन्याच्या आराखड्यात ‘आवृत्ती’ लिहिण्याची जागा असते. पण तो क्रमांक नमुन्याचा असतो, नोंदीचा नव्हे. म्हणून नमुन्यात ‘नमुना आवृत्ती’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्याची प्रारंभिक किंमत नवी नोंद तयार करतानाच भरली जाईल अशी योजावी. ती आपोआप वारंवार मोजली जाईल असा पर्याय चुकून निवडल्यास जुन्या नोंदीवरही नवाच क्रमांक दिसू लागेल. फोल्डरच्या यादीत हा रकाना दाखविला की, कोणती नोंद कोणत्या काळातली हे एका दृष्टिक्षेपात कळते.

एवढे करूनही “माझ्याकडे जुनाच नमुना येतो” ही तक्रार येणारच. एकदा उघडलेला नमुना आउटलुक त्या संगणकावरील कॅशे नावाच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवते आणि पुढच्या वेळी प्रथम तेथेच पाहते. त्यानंतर फोल्डरची लायब्ररी, मग व्यक्तिगत आणि शेवटी संस्थेची लायब्ररी असा क्रम असतो. कॅशे बिघडली असल्यास आउटलुकच्या पर्यायांतून ती रिकामी करता येते. परंतु बहुधा दोष दुसरीकडे असतो: कोणीतरी चाचणीसाठी तोच नमुना व्यक्तिगत लायब्ररीत प्रसिद्ध केलेला असतो आणि तो संस्थेच्या नमुन्याआधी सापडतो. एक नमुना एकाच लायब्ररीत प्रसिद्ध करावा आणि तो अधिकार एकाच कर्मचाऱ्याकडे असावा. ‘नोंदीबरोबर नमुन्याचा आराखडा पाठवा’ ही खूणही काढून टाकावी. ती राहिल्यास नमुन्याची प्रत नोंदीतच शिरते आणि पुढील कोणतीही सुधारणा त्या नोंदीपर्यंत पोहोचत नाही.

नमुन्यामागे व्हीबीस्क्रिप्टमधील आज्ञावली असल्यास अधिक सावध राहावे. 2017 च्या सप्टेंबरमधील सुरक्षा-सुधारणेपासून ती मुळातच बंद ठेवलेली असते आणि चालू करण्यासाठी संगणकाच्या नोंदणी-व्यवस्थेत बदल करावा लागतो. त्यातच ऑक्टोबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. ब्राउझरमधून उघडणाऱ्या आउटलुकमध्ये असे नमुने चालतच नाहीत. तेव्हा नव्या आवृत्तीत नवी आज्ञावली घालण्याऐवजी आहे ती कमी करावी आणि जुन्या नोंदी त्यांच्या आवृत्ती-क्रमांकासह साध्या तक्त्यात उतरवून घेण्याचे काम, मनुष्यबळ उपलब्ध आहे तोवर, हाती घ्यावे.