सरपणासाठी चेनसॉ किती इंची?

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पावसात पडलेल्या गुलमोहराचे ओंडके आहेत. गावच्या चुलीसाठी सरपण करायचे आहे. चेनसॉ कोणती घ्यावी?

उत्तर : बार ओंडक्याच्या जाडीपेक्षा दोन इंच लांब असावा. दहा-बारा इंची ओंडक्यांना १४ इंची पुरतो; एखादा जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापा. २० इंचीचा मोह टाळाच. वजनाने हात थकतात, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. सोसायटीत विजेवरची बरी, पण ओल्या जमिनीवर मुळीच नको. गॉगल, जाड बूट हवेतच. उभ्या झाडाची फांदी मात्र महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडू नका. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा मुंबईलाही लागू आहे.