उठण्यापूर्वी एक मिनिट!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा सातिवलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म प्रिंट करायला गेले. पीसीवर डाउनलोड्स फोल्डर उघडलं, तर आत अनोळखी लोकांची आधार कार्डं! त्यात माझंही, मागच्या महिन्यातलं. आणि तेव्हा मी इन्कॉग्निटो वापरलं होतं!

मग चुकलं कुठे? ब्राउझर हिस्टरी, कॅश आणि कुकी ठेवतो. कुकी म्हणजे आपली ओळख पटावी म्हणून साइटने ठेवलेली चिठ्ठी; १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती आणली. इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद केल्या की ब्राउझर हे पुसतो. डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते. ई-आधारला पासवर्ड असतो, पण तो काय? नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. रूममेटसुद्धा ओळखेल!

म्हणून होस्टेलचा पीसी असो की दुकानातला, आधी लॉगआउट करा, मग फाइल शिफ्ट-डिलीट करा. तरीही ती रिकव्हर होऊ शकते, म्हणून चालेल तिथे मास्क्ड आधारच वापरा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

मी दुकानातल्या काकांना ते फोल्डर दाखवलं. ते म्हणाले, "अगं, हे मला माहीतच नव्हतं!" आणि आम्ही दोघांनी मिळून ते रिकामं केलं.